चक टेलरचे बूट

मंडळी, पस्तिशी उलटली की पैलवानाचा लंगोट खुंटीला लागतो. पण पोट काही थांबत नाही. मग करायचं काय?

अमेरिकेतल्या चक टेलरनं काय केलं, ते ऐका. जन्म १९०१ सालचा. गडी बास्केटबॉल खेळे. उंच कड्यातून चेंडू टाकायचा, असा हा खेळ. १९२० नंतर थोड्याच वर्षांत तो कॉन्व्हर्स या बूट-कारखान्याचा फिरता विक्रेता झाला.

मोटारीत बूट भरायचे नि गावोगाव हिंडायचं. पण गावात गेल्यावर तो लगेच बुटाचं नाव काढत नसे. आधी पोरांना गोळा करी. चेंडू कसा झेलावा, कसा फेकावा, हे स्वतः करून दाखवी. शिकवणाऱ्या मास्तरांशी दोस्ती करी. मग गावच्या दुकानदाराला हाताशी धरून माल खपवी. खेळणाऱ्याच्या पायाला काय लागतं, हे त्याला नुसत्या दुकानदारापेक्षा जास्त कळे!

पुढं बुटावर त्याचं नाव छापलं गेलं. ते बूट आजही विकले जातात. बाकी घर म्हणाल, तर नावालाच. मुक्काम सारा परगावी.

१९६९ साली तो वारला. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या थोर मंडळींत त्याचं नाव नोंदलं गेलं. तेही खेळाडू म्हणून नव्हे, खेळ गावोगाव पोचवला म्हणून.