जनरल माल्कम आणि वऱ्हाडचे गहाणखत

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. परंतु १९०५ पर्यंत बासीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा वऱ्हाडात होताच. आणि तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला तो रणांगणावरील पराभवामुळे नव्हे, तर निजामाच्या डोक्यावरील कर्जापायी. या कर्जाचे मूळ शोधू गेल्यास एका स्कॉटिश सेनाधिकाऱ्याची गाठ पडते.

जॉन माल्कम हा कर्जबाजारी शेतकऱ्याचा मुलगा. १७८३ साली कंपनीच्या फौजेत मद्रासला उतरला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. फारसी शिकला आणि तलवारीपेक्षा तहांवर अधिक पुढे गेला. १७९८ साली हैदराबादेत फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची पलटण निःशस्त्र करण्यात त्याचा प्रत्यक्ष वाटा होता. तिच्या जागी कंपनीची तैनाती फौज आली. १८०० च्या तहाने निजामावर आणखी एक बंधन पडले: युद्धप्रसंगी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ पुरवायचे. या ‘प्रसंगी’ शब्दाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. त्यातून इंग्रज अधिकाऱ्यांची कायमची कंटिंजंट फौज उभी राहिली. वाशीमच्या शेजारी हिंगोलीस तिची छावणी होती. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा! पगार थकला, सावकार आले, शेवटी कंपनीच सावकार झाली आणि १८५३ मध्ये वऱ्हाड तारण म्हणून ताब्यात घेतला गेला. १८६० साली पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, तारण मात्र सुटले नाही. १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाखांवर तोच प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला गेला.

हे सारे एकट्या माल्कमच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. तो १८३३ मध्येच वारला. पण ज्या व्यवस्थेचा तो कुशल कारागीर होता, तिचे हे फळ होय.

१८१८ मध्ये दुसरा बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाला. माल्कमने त्याला आठ लाखांचा वार्षिक तनखा कबूल केला. गव्हर्नर जनरललाही तो जास्त वाटला. १८२७ ते १८३० माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. सतीबंदी आणि बोरघाटाचा रस्ता ही त्याच्या कारकिर्दीतील कामे नाकारण्याचे कारण नाही. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेची आठवण तर सर्वांनाच आहे. त्याच कारकिर्दीत पुणे जिल्ह्यात प्रिंगलची सारापद्धती लागू होऊ लागली, ती मात्र फारसे कोणी सांगत नाही. रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर बेतलेली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा! पराभूत पेशव्याशी जी सढळ उदारता, तिचा लवलेशही कुणब्याच्या वाट्यास आला नाही. शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरात पुन्हा मोजणी करावी लागली. दर उतरले, तीस वर्षांची मुदत ठरली. १८६० नंतर हीच मोजणीची साखळी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली.