परत न केलेलं पुस्तक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्या क्षेत्राचं सध्या जे चाललंय ते मी खरं सांगितलं, तर मागच्या रांगेतली दहावीची मुलं घाबरून जातील. म्हणून विषय बदलून घेतला. गेल्या वर्षभरात मी जी पुस्तकं वाचली, त्यांच्याबद्दल बोलते. एकूण नऊ पुस्तकं. आकडा मोठा नाही, पण त्याआधीच्या दहा वर्षांत मिळूनही माझी नऊ वाचून झाली नव्हती.

आमच्या धंद्यात वाचन कमी असतं असं नाही. दिवसभर वाचायचंच काम. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचा, लॉग वाचा, ईमेल वाचा. पण ते वाचणं म्हणजे काय, तर चूक कुठे आहे ते शोधायचं आणि बाकीच्यावरून नजर फिरवायची. वीस वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना तीच सवय लागते.

गेल्या जूनमध्ये आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला ऑपरेशन झालं आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून इथे विट्याला राहायला आले. आईला मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन खुब्यामुळे लांबलं. म्हणजे चालता येत नाही आणि नीट दिसतही नाही. टीव्ही आठ दिवसांत बंद झाला. आईचं म्हणणं, "त्या बायका झोपताना पण दागिनं घालत्यात. कशाला बघायचं?" मग करायचं काय? माझी अमेरिकेबरोबरची मीटिंग साडेआठला असायची. त्याआधीचा तासभर मोकळा होता. मी म्हटलं, वाचून दाखवते.

पहिलं पुस्तक 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४चा. आपल्याला शाळेत त्यातला एखादा उतारा असायचा, त्यामुळे 'धड्यातलं पुस्तक' असा माझा समज. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील आले, तेव्हा आई इतकी हसली की खुबा दुखायला लागला आणि मला थांबावं लागलं. पण १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि बाई नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने दिवस काढायला लागल्या, त्या पानांना आई म्हणाली, "आज पुढं वाचू नको." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता विचारते, "मग ती गेली का त्याच्याकडं?" पुस्तकातल्या माणसाची चौकशी शेजारच्या घरातल्यासारखी करायची, हे मी विसरूनच गेले होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी चोरी पकडली गेली. एक लांबलचक परिच्छेद होता, मी त्यातल्या चार ओळी गाळून पुढे गेले. मुद्दाम नाही, सवयीने. आई म्हणाली, "मधलं काय गाळलंस?" मी म्हटलं, काही नाही. "मग ती एकदम स्वयंपाकघरात कशी आली?" आमच्या टीमला अशी एक परीक्षक मिळाली असती तर निम्मे बग बाहेर पडण्याआधीच सापडले असते.

सगळीच पुस्तकं तिला आवडली असं नाही. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी मोठ्या हौसेने आणलं होतं. बारा महिन्यांचे बारा लेख, तर ज्या त्या महिन्याचा लेख त्या महिन्यात वाचायचा असा माझा बेत. आई पाचव्या मिनिटाला झोपायची. मग ते मी एकटीच वाचलं, आणि मला ते वर्षातलं सगळ्यात सुंदर पुस्तक वाटलं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी निम्म्या जणांनी वाचलं असेल. गुलाम म्हणून जन्मलेला तो मुलगा पुढे शास्त्रज्ञ होतो आणि कापसाने दमलेल्या जमिनीत भुईमूग लावा असं शेतकऱ्यांना सांगतो, तिथे आई म्हणाली, "भुईमुगाच्या रानात शाळू चांगला येतो, हे आमच्या दादांना पण ठावं हुतं. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं न्हाई." 'रणांगण' मी एका रात्रीत संपवलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची, युरोपातून निघालेल्या बोटीवरची. मुंबईच्या धक्क्यावर तो उतरतो आणि हेर्टाला उतरता येत नाही, कारण ती ज्यू आहे आणि तिच्याकडे योग्य कागद नाहीत. कामानिमित्त मी स्वतः कितीतरी विमानतळांवर पासपोर्ट हातात धरून रांगेत उभी राहिले आहे. ती पानं वाचताना घशाला कोरड पडली होती. बाकीच्या चारांबद्दल चहाच्या वेळी विचारा.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा विषय मागून घेतला, त्याच्याकडे येते. 'बनगरवाडी'.

माझ्याकडच्या प्रतीवर आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचा जांभळा शिक्का आहे. नववीत नेलेलं पुस्तक. दहावीनंतर दाखल्याच्या अर्जावर ग्रंथपाल सरांची सही लागायची. सरांनी विचारलं, "सगळी पुस्तकं जमा?" मी "हो सर" म्हटलं आणि त्यांनी वही न उघडता सही केली. सर आज इथे बसले आहेत. सर, ते खोटं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ठेवून घेऊनही मी ते कधी वाचलं नव्हतं.

व्यंकटेश माडगूळकर आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि आईचं माहेर त्याच तालुक्यातलं. धनगरांच्या वाडीत नेमणूक झालेला एक पोरसवदा मास्तर पहाटेचा चालत निघतो, इथून कादंबरी सुरू होते. दोन पानं झाली आणि आईने मला थांबवलं. "तू बातम्या सांगितल्यागत वाचतीस. माणसं आसं बोलत न्हाईत." मग ती म्हणून दाखवायची आणि मी तिच्यामागून. कारभारी कसा बोलेल, म्हाताऱ्या कसं बोलतील, कुठे आवाज ओढायचा, कुठे तोडायचा. एकाहत्तर वर्षांची बाई पाठ टेकून पडलेली आणि चव्वेचाळीस वर्षांची इंजिनिअर पोरगी धडा गिरवतेय. गोष्ट औंध संस्थानच्या काळातली, आणि आटपाडी तेव्हा औंधाकडे. आजोबा 'पंतांचं राज्य' असं म्हणायचे, ते आईला आठवलं.

एक बैल आहे, दुसरा नाही, म्हणून बायको स्वतः जुवाला खांदा लावते, असा प्रसंग त्यात आहे. तो वाचून झाल्यावर आई काही बोलली नाही. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. पुस्तक मिटलं. मीटिंगला दहा मिनिटं होती. आई छताकडे बघत म्हणाली, "बहात्तर साली मी खडी फोडायला हुते."

मला काही कळेना. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढची शाळा लांब म्हणून सुटली, एवढंच मला माहीत होतं. १९७२च्या दुष्काळात ती अठरा वर्षांची, लग्न व्हायचं होतं. रानात काही उरलं नव्हतं, म्हणून आजी आणि ती दोघी सरकारी कामावर जायच्या. आधी रस्त्याची खडी, मग तलावाची माती. खायला परदेशातून आलेला तांबडा मिलो, त्याची भाकरी थापली जायची नाही, तुटायची. लहान पोरांना सुकडी मिळायची, धाकट्या मामाच्या वाट्यातली चिमूटभर ती खायची. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख चपटं, दुभंगलेलं आहे. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा 'दारात सापडलं' असं उत्तर मिळालं होतं. ते हातोड्याखाली सापडलेलं.

आणि तो पाझर तलाव मला माहीत आहे. मामाकडे सुट्टीत गेलो की आम्ही भावंडं त्यात डुंबायचो. आई बांधावर बसून असायची, आमचे कपडे सांभाळत. त्या बांधाची माती हिच्या डोक्यावरून आलेली, हे तिने एकदाही सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय? सगळीच हुती."

त्या रात्री मी आजारी असल्याचं कळवून मीटिंग बुडवली. साडेदहापर्यंत ती बोलत होती. कोण मुकादम होता, हजेरी कोण चोरायचा, कुणाची कोण मैत्रीण. मी लिहून घेत नव्हते, त्याचा आता पश्चात्ताप होतो. नंतर विचारलं तर तेच सगळं ती चार वाक्यांत सांगते.

जानेवारीत एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती अंगणापर्यंत जाते. मी आता आठवड्यातून दोन दिवस पुण्याला असते.

आजच्या कार्यक्रमात हे पुस्तक सरांच्या हाती द्यायचं असं मी ठरवून आले होते. काल रात्री पिशवीत घालायला शोधलं तर कपाटात नाही. आईच्या उशाखाली होतं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, रोज दोन-तीन पानं ती आता स्वतः वाचते. मी म्हटलं, अगं, ते शाळेचं आहे, परत करायचंय. तर म्हणाली, "सरांना सांग, अजून झालं न्हाई."

तेव्हा सर, एवढी अठ्ठावीस वर्षं थांबलात, अजून थोडी मुदत द्या. ती काल एकेचाळिसाव्या पानावर होती.