बोटे आणि भाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे असे सुचवण्यात आले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. सवय आहे ती भाकऱ्या थापण्याची आणि मंगळवारी आपल्या भजनात टाळ धरण्याची. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात रोज जे चालते तेच सांगा." आमच्या घरात रोज काय चालते ते शेजारच्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मुलगा गिटार वाजवतो आणि ती भिंतीपलीकडेही ऐकू जाते! तेव्हा आज गिटारविषयीच बोलते. शेवटी मला आपल्यातल्या एका भगिनीची माफी मागायची आहे, म्हणून थोडा धीर धरून ऐकावे ही विनंती.

मुलगा दहावी पास झाला तेव्हा ह्यांनी त्याला एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गिटार घेऊन दिली. सतार-तंबोऱ्याच्या ह्या मिरज गावात राहून पोराने गिटार मागावी, याचे सासूबाईंना नवल वाटले. पण नातवाचा हट्ट म्हटल्यावर त्याही गप्प बसल्या.

गिटारला सहा तारा. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या आणि उजव्या हाताने छेडायच्या. ऐकायला सोपे वाटते, पण तार पट्टीच्या अगदी लगत आणि नीट दाबली नाही, तर सुराऐवजी चर्र असा आवाज येतो. तारा पोलादी असतात, त्या बोटांत रुततात. पहिले काही आठवडे माझा मुलगा जेवताना आमटी गरम आहे म्हणून नव्हे, तर बोटे सोलली आहेत म्हणून हात झटकत असे. घट्टे पडल्यावर दुखणे थांबले. मग आले कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवायचे. त्यातला 'एफ' नावाचा एक कॉर्ड आहे. त्यात तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एकट्या बोटाने दाबाव्या लागतात. त्या एफने आमच्या घरी महिनाभर ठाण मांडले होते.

मुलाचा एक मित्र येतो, तोही वाजवतो. दोघांचा रोजचा वाद. मित्र म्हणे, "आधी बोटे तयार कर. ठोक्याबरोबर रोज तासभर सरगम घोट." माझा मुलगा म्हणे, "नुसती बोटे पळवून काय होते? मनात भावना पाहिजे." मी मेथी निवडत ऐकत असे, आणि साहजिकच मुलाची बाजू घेत असे. "खरे आहे रे, भाव महत्त्वाचा," असे म्हणून मी मोकळी.

एक दिवस सासूबाईंनी नातवाला आपले आवडते भजन वाजवायला सांगितले. ते भजन त्या रोज पहाटे म्हणतात. पोराचा आजीवर फार जीव. डोळे मिटून, मान हलवून, अगदी भरून येऊन त्याने वाजवले. पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना बोटे अडखळत, तिथे चाल थांबे. मध्येच तार चर्र करी. संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाळ, तुझे मन मला कळले रे, पण गाणे काही कळले नाही."

पोराचा चेहरा उतरला. मला सासूबाईंचा रागच आला. पण मुलगा काही न बोलता मित्राच्या घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तास लावून बसू लागला. मोबाइलवर ठोका लावायचा, आधी अगदी संथ, जमले की किंचित जलद. एकच जागा पन्नास वेळा. भगिनींनो, तुम्ही भिंतीपलीकडून ते सोसले, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

तीन-चार महिन्यांनी त्याने तेच भजन पुन्हा वाजवले. आता एकही तार चरचरली नाही. उलट इतके झपझप वाजवले, मध्ये इतक्या ताना घातल्या, की मी थक्क झाले. सासूबाईंनी विचारले, "झाले का? एवढी घाई कसली? गाडी पकडायची आहे का?" आम्ही सगळे हसलो. पोरगाही हसला, पण मनात धरून राहिला.

त्यानंतर तो मला गिटार वाजवणाऱ्यांच्या गोष्टी सांगू लागला आणि त्यांचे वाजवणेही ऐकवू लागला. त्यातल्या तीन गोष्टी मला विसरता येत नाहीत.

पहिली जँगो राइनहार्ट या वादकाची. तो १९१० साली बेल्जियममध्ये भटक्या रोमा लोकांत जन्मला. १९२८ साली तो राहत असलेल्या गाडीला आग लागली आणि त्याचा डावा हात भाजला. त्या हाताची शेवटची दोन बोटे आखडली ती कायमचीच. गिटारवर डावा हात म्हणजे सर्वस्व! पण हा गडी उरलेल्या दोन बोटांनी असा वाजवू लागला, की पुढे १९३४ साली पॅरिसमध्ये त्याने स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवाल्याबरोबर वाद्यवृंद उभा केला आणि त्याचे नाव जगभर झाले. हे ऐकून मी मुलाला म्हटले, "बघ, बोटांवाचून अडले नाही. भावना होती म्हणून निभावले." तर तो म्हणाला, "आई, उलट आहे. दोन बोटांनी तारा कशा धरायच्या हे शोधून काढायला त्याला दीड वर्ष मेहनत करावी लागली. नुसती भावना असती तर तो रडत बसला असता." मला उत्तर सुचले नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या बी. बी. किंग यांची. १९२५ साली मिसिसिपी राज्यात, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या गरीब काळ्या लोकांत त्यांचा जन्म. आपल्या गिटारला त्यांनी ल्युसिल असे बाईचे नाव ठेवले होते. एकदा नाचघरात आग लागली आणि ते गिटार आणायला आगीत धावले. त्या आगीचे कारण म्हणजे दोघा पुरुषांची मारामारी, आणि त्यांचे भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून. पुन्हा असला वेडेपणा करू नये याची आठवण म्हणून ते नाव! २०१५ साली ते वारले. ते फार सूर वाजवत नसत. कॉर्ड आपल्याला जमत नाहीत असे स्वतःच सांगत. एक सूर लावायचा आणि बोट तारेवर असे हलवायचे, की तो सूर माणसासारखा कापतो. मी ऐकले तेव्हा भाषा कळली नाही, पण कोणीतरी मन मोकळे करीत आहे हे कळले. मला वाटले, ही मात्र निव्वळ भावना. पण तो कंपसुद्धा त्यांनी कमावलेला होता. त्यांचे एक नातलग तारेवर नळी घासून वाजवत, तसा आवाज नुसत्या बोटाने काढता यावा म्हणून खटपट करता करता तो हाती आला.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा. आपल्या रागदारीला मींड लागते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे. गिटारच्या पट्ट्या तर सूर वेगवेगळे तोडून देतात. काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून पोलादी कांडी फिरवली आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. १९६७ साली शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली. तीत काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस सुरांत रंगवला आहे. २०१८ साली काबरा गेले, पण ती तबकडी आजही लोक ऐकतात. मनात मींड होती म्हणून त्यांनी कांडी हातात घेतली. कांडी हातात होती म्हणूनच ती मींड आपल्या कानापर्यंत पोहोचली.

भगिनींनो, हे सारे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी थापायला बसले, तेव्हा मला उमगले, की हे तर मला ठाऊकच होते. नवी सून म्हणून आले तेव्हा माझी भाकरी परातीतच चिरत असे. मनात माया कमी होती असे नाही, पण मायेने भाकरी फुगत नाही. पाणी किती कढत, पीठ किती मळायचे, हात कसा फिरवायचा, हे सासूबाईंनी शिकवले. हाताला वळण पडल्यावरच मन मोकळे झाले आणि कोणाला पातळ आवडते, कोण दमून आले आहे, इकडे लक्ष जाऊ लागले. हात तयार नसला तर सगळे मन हातातच अडकून पडते. आणि हात तयार असूनही कोणासाठी करतो आहोत याचा विसर पडला, तर ती खाणावळीची भाकरी होते.

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. इथल्या सतारमेकरांचे तंबोरे देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले आणि त्यांची समाधीही इथेच आहे. कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसेने घासतो, पुन्हा ऐकतो, पुन्हा घासतो. त्याला जवारी काढणे म्हणतात. केवढे बारीक कसब! पण तेवढ्याने होत नाही. गवई बसला की घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा घालतो आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो. योग्य जागी आला की तार एकदम गुंजू लागते. त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात. घोडी नीट घासलेली नसेल तर जीव घालून उपयोग नाही, आणि जीव नसेल तर घोडी कितीही घासा, तार गुंजत नाही. शहाण्या माणसांनी दोन्ही एकाच घोडीवर बसवून ठेवले आहे. भांडत बसलो ते आपणच.

आता माफीचे. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका भगिनीने सुचवले होते, की भजनाआधी अर्धा तास ठेक्यावर सराव करावा, सूर जुळवावेत. तेव्हा सर्वांसमोर मी म्हणाले होते, "देवाला भाव लागतो, तुमचा ताल लागत नाही. इथे परीक्षा नाही." सगळ्या हसल्या. ती भगिनी पुढच्या मंगळवारी आली नाही, नंतरही आली नाही. गेल्या वर्षी स्पर्धेत दुसऱ्याच कडव्याला आपली लय चढली, पेटी मागे राहिली, टाळ भलतीकडे गेले. मनात भाव सगळ्यांच्या होता, पण तो ऐकणाऱ्यांपर्यंत गेलाच नाही. खरे सांगायचे तर मी भावाच्या बाजूने बोलले नव्हते. मला सरावाचा कंटाळा होता, त्याला मी भाव असे नाव दिले आणि तिचे मन दुखावले. आज ती शेवटच्या रांगेत बसली आहे. तिची मी तुम्हा सर्वांसमक्ष माफी मागते. जे सर्वांसमोर बोलले, त्याची माफीही सर्वांसमोरच मागायला हवी.

आणि विनंती करते, की तिने येत्या मंगळवारी यावे. मी अर्धा तास आधी येऊन सतरंजी घालीन आणि ती सांगेल तो ठेका पन्नास वेळा धरीन.

मुलाचे राहिलेच. गेल्या महिन्यात त्याने सासूबाईंना ते भजन तिसऱ्यांदा वाजवून दाखवले. संथ, साधे, एकही जास्तीचा सूर नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कडव्यापासून त्या बरोबर म्हणू लागल्या. संपल्यावर मुलाने विचारले, "आजी, कसे झाले?" तर त्या म्हणाल्या, "अरे, तू वाजवत होतास हे मी विसरलेच." ह्यापेक्षा मोठे बक्षीस मला तरी ठाऊक नाही.