कांजिण्यांची लस टोचावी का?



"कांजिण्या काय, लहानपणी येतातच. एकदा येऊन गेल्या की सुटलो!" असे आपण घरोघर ऐकतो. कुणी तर थोरल्याला आल्या की धाकट्यालाही मुद्दाम त्याच्याजवळ निजवतात. एकदमच उरकू दे म्हणतात! धडधाकट मुलाचे आठ-दहा दिवस ताप, फोड आणि खाज एवढ्यावर बहुधा निभावते, हे खरे. मग पदरचे पैसे मोडून लस कशाला?

कारण घरात ते मूल एकटे नसते. पोटुशी सून असते, तान्हे बाळ असते, लहानपणी कांजिण्या न आलेले काका असतात. मोठ्या माणसाला हे दुखणे जड जाते, कधी फुप्फुसांवर उतरते. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. आजारी मुलाला वेगळे ठेवू म्हणाल, तर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण सुरू झालेली असते. शिवाय रोगाचे विषाणू बरे झाल्यावरही मज्जातंतूंत दबून राहतात आणि उतारवयात नागीण होऊन वर येतात.

आजोबांच्या दंडावरचा वण देवीच्या लशीचा. त्या लशीने देवी गेल्या. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. पण कांजिण्या हा रोग वेगळा आणि त्याची लसही वेगळी. ती जपानचे डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केली.

सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही, विकत घ्यावी लागते. दोनदा टोचायची: पहिली साधारण पंधराव्या महिन्यात, दुसरी डॉक्टर सांगतील तेव्हा, निदान तीन महिन्यांनी. त्यानंतरही क्वचित चार फोड येतील, पण दुखणे सौम्य असते. गरोदरपणी मात्र ही लस घ्यायची नाही.

माझे मत विचाराल, तर ऐपत असेल त्याने जरूर टोचून घ्यावी. हात आखडता असेल, तर गोवर-रुबेलाची मोफत लस आधी. ती चुकवू नका. दहा-बारा वर्षांचे होऊनही कांजिण्या न आलेले मूल घरात असेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारा.

गुरुजी, आपल्यालाही एक विनंती. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला घरीच राहू द्या, हजेरीचा आग्रह नको. आणि आयांनो, उशाशी कडुनिंबाचा पाला खुशाल ठेवा. पण तापावर अॅस्पिरिनची गोळी मुळीच देऊ नका. कांजिण्यांत ती मुलाच्या जिवावर बेतू शकते.