घरातच थांबायची पाळी आली तर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'मनोगत' असे छापले आहे. पण मनोगत सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. अर्धी वस्ती एका मांडवाखाली बसली आहे, असा योग वर्षातून दोन-तीनदाच येतो. तेव्हा एक घरगुती प्रश्न विचारायचा आहे. उद्या चार दिवस घराबाहेर पाऊल टाकता आले नाही, तर आपल्या घरात काय आहे?

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईने संचारबंदी पाहिली. दूध नाही, भाजी नाही, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तर गल्लीच्या तोंडाशी कोण उभा आहे ते आधी बघावे लागे. २६ जुलै २००५ ला पाण्याने कोंडले. २५ मार्च २०२० पासून कोरोनाच्या टाळेबंदीने कोंडले. कारणे तिन्ही वेगळी, पण तिन्ही वेळा आईबहिणींनी डब्यात हात घालून तळ किती राहिला तेच बघितले.

'घरात राहा' हे सांगणे सोपे असते. सांगणाऱ्याचे घर तीन खोल्यांचे असते. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे, नळ सकाळी ठरलेल्या वेळेपुरता आणि संडास गल्लीच्या टोकाला. म्हणून पेपरात छापून येणारी यादी आपल्याला निम्मीच लागू पडते. उरलेली निम्मी आपली आपणच करायला पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे थांबायचे की निघायचे, हे आधी ठरले पाहिजे. सगळ्याच संकटात घर आसरा देत नाही. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला टेकडी घसरली आणि सत्तरहून अधिक माणसे घरातच गाडली गेली. १८ जुलै २०२१ ला माहुलच्या भारत नगरात रात्रीच्या पावसात भिंत झोपड्यांवर कोसळली. तीही माणसे घरातच होती. त्यामुळे ज्यांचे घर टेकडीच्या उतारावर आहे, संरक्षक भिंतीला टेकून आहे किंवा ज्यांच्या चाळीला धोकादायक म्हणून नोटीस लागली आहे, त्यांनी मुसळधार पावसाचा इशारा आला की थांबू नये. अंथरूण उचलावे आणि दिवसाउजेडी विहारात यावे. रात्री बारा वाजता अंधारात पोरं घेऊन निघणे फार वाईट.

बाकीच्यांनी मात्र थांबावे. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे फोर्टात, कुलाब्यात कामाला असलेल्या माणसाला उपनगरात काय चालले आहे याची कल्पनाच आली नाही. तो नेहमीसारखा घरी निघाला. पुढे लोकल बंद, रस्त्यावर छातीभर पाणी, बंद मोटारींत अडकून माणसे गेली. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन भागात एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. शिकलेला, शहराची माहिती असलेला माणूस होता तो. पाण्याखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून घरात एकदा बसून ठरवा, की पाऊस फार झाला तर कामावरचा माणूस कामावरच थांबेल, पोरगं शाळेतच थांबेल आणि घरचे त्याला शोधायला निघणार नाहीत. हे आधी बोललेले असले की आईचा जीव थोडा तरी जाग्यावर राहतो.

आता पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर तरी धरा. पाच माणसे, तीन दिवस, म्हणजे साठ लिटर. हे वापरायचे पाणी नव्हे, वेगळे झाकून ठेवायचे. सायनबाईच्या घरात सहा हंडे असतील, कुणाकडे दोनच कळशा असतील, ज्याच्याकडे जे आहे त्यात भरा, पण झाकण घट्ट पाहिजे. उघडे पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची शाळा. पाणी दोन-चार दिवसांनी वापरून टाकून नवे भरावे. पुरानंतर नळाला आलेले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी भरवसा ठेवू नका. खळखळून उकळी येऊ द्या आणि मग एक मिनिटभर उकळत ठेवा, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. लहान मुलाला जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्याने मोजून. मीठ जास्त झाले तर मुलाला अपाय होतो. म्हणून हाताने चिमूट-चिमूट टाकू नका.

खाण्याबद्दल आम्ही माउल्यांना काय शिकवणार! १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. पगार बंद झाल्यावर एका वाण्याची उधारीही बंद झाली आणि मग कोणत्या डब्यात किती आहे याचा हिशेब आयांनी जो ठेवला, तो आजही कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही. एवढेच लक्षात ठेवा, की संकटात चूल पेटेलच असे नाही. गॅस संपतो, रॉकेल तर आता मिळतच नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा न शिजवता पोटात घालता येईल असे ठेवा. भाजलेले चणे, गूळ, शेंगदाणे, पोहे, चुरमुरे, सातूचे पीठ. खाऊन संपवत जा आणि भरत जा. खास संकटासाठी म्हणून माळ्यावर ठेवलेल्या पिठात अळ्याच होतात.

आता ज्या गोष्टीवर मंचावरून कुणी बोलत नाही, ती बोलतो. भगिनींनी संकोच करू नये. बाहेर गुडघाभर पाणी आहे किंवा संचारबंदी आहे, आणि संडास गल्लीच्या टोकाला. पुरुष कसेतरी भागवतो. बाई काय करते? बाई पाणी पिणेच बंद करते. दोन-दोन दिवस घोटभर पाण्यावर काढते आणि मग लघवीच्या जळजळीने, तापाने पडते. म्हातारी माणसे, गरोदर पोरी यांचे तर विचारू नका. याला उपाय साधा आहे. घट्ट झाकणाची एक बादली, तिच्यात जाड प्लास्टिकची पिशवी, बाजूला राख किंवा लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वरून टाकायचे. कोपऱ्यात दोरीवर जुनी साडी आडवी बांधायची. पाळीचे कपडे किंवा पॅड, साबण त्याच कोपऱ्यात. पिशवी गच्च बांधून ठेवायची, गटारात फेकायची नाही. तेच पाणी उद्या दारात येते. यात लाज कसली? लाज असेल तर ती एवढ्या वस्तीला चार संडास देणाऱ्यांना वाटावी.

वायूचे संकट वेगळे असते. आपल्या शहरात रासायनिक कारखाने आणि वस्त्या एकमेकांना चिकटून आहेत. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री वायू सुटला तेव्हा लोक जीव घेऊन धावत सुटले. धावणारा माणूस जोरात श्वास घेतो, तेवढे विष जास्त आत जाते. त्या वायूला हवेपेक्षा वजन होते, तो जमिनीलगत पसरला. अशा वेळी घरात या, दारे-खिडक्या लावा, पंखा बंद करा, फटीत आणि झरोक्यात ओली कापडे कोंबा, नाकातोंडावर ओला रुमाल धरा, जमले तर वरच्या मजल्यावर जा. पण हे ध्यानात ठेवा, की घरातला स्वयंपाकाचा गॅस गळत असेल तर याच्या बरोबर उलटे करायचे. रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, बटण चालूही नाही आणि बंदही नाही, आणि माणसे बाहेर. बाहेर आल्यावर १९०६ ला फोन. हा फरक मुलांकडून पाठ करून घ्या. पुराचे पाणी उंबऱ्याशी आले की विजेचे मेन बटण कोरड्या हाताने बंद करा, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधी झोपू नका.

कागदपत्रांवर जरा जास्त बोलतो, कारण यात आपले नुकसान इतरांपेक्षा मोठे होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा जुना उतारा. तो एक पिवळा कागद पाण्यात गेला की नातवाची शिष्यवृत्ती अडकते, नोकरी अडकते, आणि तालुक्याच्या कचेरीत खेटे घालण्यात बापाचे खाडे होतात. गिरणीतल्या माणसांचेही तसेच. घराच्या सोडतीसाठी अर्ज करताना गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचा पास, पगाराची पावती, ई.एस.आय. चे कार्ड शोधत किती म्हाताऱ्या विधवा ट्रंका उपसत बसल्या ते आम्ही पाहिले आहे. तेव्हा सगळे कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत, तोंड बांधून, माळ्यावर. पलंगाखालच्या ट्रंकेत नको. झेरॉक्सचा एक संच गावी भावाकडे द्या आणि मुलांना मोबाइलमध्ये फोटो काढायला लावा.

औषधांचेही असेच आहे. रक्तदाब, साखर, दम्याचा पंप, टी.बी. च्या गोळ्या निदान आठवड्याच्या हाताशी असाव्यात. टी.बी. चे औषध मध्येच सुटले तर आजार पुन्हा उलटतो. वीज गेली आणि इन्सुलिन घरात असेल तर बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून, गार पाण्याच्या मातीच्या माठात ठेवावी. बर्फात घालू नये, गोठले की ते वाया जाते. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल आणि पुढे ताप आला तर घरी गोळी गिळून बसू नका, दवाखाना गाठा. २००५ नंतर लेप्टोने बरीच माणसे दगावली.

राहिली गोष्ट विहाराची. गिरणीत आग विझवायला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्या. वाळू निम्मी, वरून पानाच्या पिचकाऱ्या. कारण बादली सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. आपले तसे होऊ नये. आमचे म्हणणे कार्यकारिणीपुढे आहे आणि काहींना ते पटलेले नाही, तेही सांगतो. पुढच्या वर्धापनदिनाच्या रोषणाईतून निम्मा खर्च काढून दोनशे लिटरचे झाकणाचे दोन ड्रम, एक स्ट्रेचर, बॅटरीवरचा भोंगा, सेलवर चालणारा रेडिओ आणि चार टॉर्च घ्यावेत. उत्सवाची शोभा कमी होईल असे काही बंधू म्हणतात. होईल थोडी. पण गिरणीचा भोंगा आता कुठे वाजत नाही, आणि फोन बंद पडल्यावर वस्तीला खरी बातमी काय ती कोण सांगणार? संचारबंदीत अफवेनेच अर्धी माणसे घाबरली होती.

दुसरे म्हणजे यादी. कोणत्या खोलीत एकटे म्हातारे माणूस आहे, कुठे तान्हे मूल आहे, कुठे बाळंतपण जवळ आले आहे, कोण चालू शकत नाही. दर दहा घरांमागे एका भगिनीने ही वही ठेवावी, कारण कुणाच्या घरात काय आहे ते पुरुषांना माहीत नसते. वहीच्या पहिल्या पानावर महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६, तातडीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे मोठ्या अक्षरात लिहावेत. दारावरही खडूने लिहिले तरी चालेल.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर सकाळी दहाला वह्या घेऊन इथेच बसू. ज्यांच्या घरात इन्सुलिन किंवा डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांनी आजच, जेवणाच्या पंगती उठायच्या आत, आमच्याकडे नावे द्यावीत.