आडव्या सायकलला टायर कुठले घ्यायचे? किहीमच्या रस्त्यांवरून शिकलेल्या गोष्टी

(या भागातलं बोलणं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आटोपशीर केलं आहे.)

आज मी किहीमहून बोलतोय. मागे जो आवाज येतोय तो समुद्राचा नाही, सुरूच्या झाडांतल्या वाऱ्याचा आहे. खिडकी लावून घेतली तरी तो येतोच, तेव्हा सांभाळून घ्या.

मध्यंतरी मी माझ्या आडव्या सायकलचा फोटो टाकला होता. त्यावर अर्ध्या लोकांनी विचारलं, "ही सायकल आहे की आरामखुर्ची?" आणि उरलेल्यांनी विचारलं, "टायर कुठले टाकलेस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: दोन्ही. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मला दोन पावसाळे, एक चुकीचं पार्सल आणि एक खरचटलेलं कोपर लागलं. आजचा भाग त्याच्यावर.

ज्यांनी ही सायकल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजीत हिला रिकंबंट म्हणतात. पाठ टेकून बसायचं, पाय समोर लांब करायचे, पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे. माझ्या सायकलचं पुढचं चाक २० इंची आणि मागचं २६ इंची. मी ही घेतली ती हौस म्हणून नाही. कमरेत डिस्कचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी पुढे वाकून चालवायची सायकल बंद करायला सांगितली. सायकल सोडायची नव्हती. मग पुण्यातल्या एकांकडून ही सेकंडहँड घेतली आणि मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरवली. घरी आणेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर थांबून लोकांना समजावून सांगावं लागलं.

आधी आकडा वाचा

पहिली चूक मी इथेच केली. मला वाटलं २० इंच म्हणजे २० इंच. जुना टायर झिजला होता, म्हणून ऑनलाइन एक छान बारीक, हलका टायर मागवला. त्यावर लिहिलं होतं २० × १ १/८. पार्सल घेऊन चोंढी नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. काकांनी तो रिमवर ठेवला, जरा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा तर हातातल्या बांगडीसारखा फिरतोय. कुणाच्या मापाचा आणलास?"

झालं असं, की इंचांतला आकडा हा टायरच्या बाहेरच्या मापाचा, तोही अंदाजे. टायर बसतो तो रिमवर, आणि रिमची मापं वेगवेगळी असतात. खरं माप टायरच्या कडेला बारीक अक्षरात असतं. दोन आकडे आणि मध्ये आडवी रेघ. उदाहरणार्थ ४०-४०६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. माझं रिम ४०६ चं होतं, मी आणलेला टायर ४५१ चा. दोघांनाही दुकानात "वीसचा टायर" म्हणतात आणि फरक तब्बल ४५ मिलिमीटरचा!

हा घोटाळा फक्त वीसमध्ये नाही. २६ × १.७५ म्हणजे ५५९, पण २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या, दुधवाल्याच्या सायकलला २८ × १ १/२ लागतो, तो ६३५. आणि हल्लीच्या रोड सायकलचा ७००, ज्यालाही काही जण अठ्ठावीस म्हणतात, तो ६२२. म्हणून इंच विसरा, दुसरा आकडा पाठ करा. तो जुळलाच पाहिजे. पहिल्या आकड्यात थोडं इकडेतिकडे चालतं.

यात आपल्यासाठी एक चांगली बातमी आहे. आपल्याकडच्या लहान मुलांच्या वीस इंची जाड टायरच्या सायकली, म्हणजे ज्यांवर २० × १.७५ किंवा २० × २.१२५ लिहिलेलं असतं, त्या याच ४०६ मापाच्या. म्हणजे तुमच्या परदेशी दिसणाऱ्या सायकलचा टायर अडचणीच्या वेळी गावातल्या दुकानात मिळू शकतो. पण पुढचं चाक ४५१ चं असेल तर मात्र शोधत बसावं लागेल. सेकंडहँड आडवी सायकल घ्यायला जाल तेव्हा रंग नंतर बघा, आधी वाकून हा आकडा बघा.

गुडघ्यांचं काम टायरला

आता दुसरी चूक. चुकीचा टायर परत केला आणि हट्टाने पुन्हा बारीकच आणला, फक्त या वेळी बरोबर मापाचा: २८-४०६. हवा दगडासारखी भरली. डोक्यात एकच गोष्ट होती, वेग.

त्याला कारणही होतं. आडव्या सायकलचा इतिहास वाचला की माणूस जरा चढतो. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम असे केले की या सायकली शर्यतींतून बाहेर गेल्या. कारण आडवं बसलं की वाऱ्याला अंग कमी लागतं.

पण फोर चालवत होता ट्रॅकवर, आणि मी चालवतो झिराड, चोंढी, थळ या रस्त्यावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० ला तो फार मोठा असतो, ताशी १६-१७ ला बराच कमी. आमच्याकडे ऑगस्टमध्ये तर खड्डा, पॅच, स्पीडब्रेकर, पुन्हा खड्डा असं चालू असतं. तिथे वेगाचा टायर घेऊन करणार काय?

आणि इथे आडव्या सायकलची खरी अडचण येते. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण काय करतो? पॅडलवर उभे राहतो, गुडघे वाकवतो, बूड सीटवरून उचलतो. धक्का पायांत जिरतो, आपल्या लक्षातही येत नाही. आडव्या सायकलवर उठताच येत नाही. पाठ पूर्ण टेकलेली, पाय हवेत. धक्का चाकातून सीटमध्ये आणि सीटमधून थेट मणक्यात. वर माझ्या सायकलवर अगदी समोरचा रस्ता माझ्याच पायांमुळे झाकला जातो. दहा फुटांवरचा खड्डा दिसतो, चाकापुढचा दिसत नाही. पुढचं चाक उचलून खड्डा टाळणं तर विसराच.

त्यात पुढचं चाक लहान. रिक्षाचं चाक आणि बैलगाडीचं चाक एकाच खड्ड्यातून गेलं तर जास्त कोण आदळतं? लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं, आणि बाहेर येताना जास्त जोरात आपटतं.

म्हणजे ज्या कमरेसाठी मी ही सायकल घेतली, तीच कमर बारीक टायरने पंधरा दिवसांत पुन्हा धरली. घरातून स्पष्ट सांगण्यात आलं, "विकून टाक ती खुर्ची." माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. सायकलमध्ये खोट नव्हती, पण तेव्हा ते मला कळत नव्हतं.

मग जुलैत पडलो. आमच्या वाड्यांमधल्या गल्ल्या तुम्हाला माहीत असतील. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वर नारळी-पोफळी, ऊन खाली पोचत नाही आणि रस्त्यावर हिरवं शेवाळ. वळणावर पुढचं चाक सटकलं. साध्या सायकलवर पाय टेकवून कधीकधी सावरता येतं. इथे पाय पॅडलवर, समोर. काही करायच्या आत मी कुशीवर. मागून स्कूटरवर एक ताई येत होत्या, त्यांनी वेळेत ब्रेक दाबला म्हणून कोपरावर निभावलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही, रुंदही नाही आणि खोल नक्षीचाही नाही. तिथे उतरून ढकलायची, दुसरा इलाज नाही. आणि ओल्या डांबरासाठी खोल नक्षी लागते हाही गैरसमज आहे. मोटारीचा टायर पाण्यावर तरंगतो तसा सायकलचा आपल्या वेगाला तरंगत नाही. डांबरावर धरतं ते रबर. जाड दातांचा टायर मातीत चांगला, डांबरावर नुसता घरघरतो. पण दगडासारखी हवा भरलेला बारीक टायर ओल्या, खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, आणि उडालेलं चाक काहीच धरत नाही.

मग काय घेतलं?

पुढे ४०-४०६, मागे ४७-५५९. दोन्ही गुळगुळीत, उथळ नक्षीचे, आत पंक्चर रोखणारा रबराचा पट्टा असलेले. याहून रुंद पुढे का नाही? दोन कारणं. एक, पुढच्या चिमट्यात आणि मडगार्डखाली जागा तेवढीच. दोन, टाच. माझे पाय पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी फिरतात. टायर जाड आणि उंच झाला की कमी जागेत वळताना टाच टायरला घासते. म्हणून घ्यायच्या आधी चाक आणि चिमटा यांच्यामधली जागा पट्टीने मोजा, आणि उभ्या सायकलवर बसून हँडल पूर्ण वळवून टाच कुठे लागते ते बघा.

रुंद टायर जड चालतो का? मलाही तसंच वाटायचं. पण तेवढ्याच हवेवर रुंद टायर रस्त्यावर कमी लांबीत दबतो, म्हणून उलट हलका फिरतो. शिवाय खराब रस्त्यावर ताकद वाया जाते ती आपण आणि सायकल वर-खाली हादरण्यात. ते हादरे कमी झाले की पोचायला वेळही जास्त लागत नाही. मांडवा ते अलिबाग हे वीसेक किलोमीटर मी आता जवळपास तेवढ्याच वेळात जातो, आणि उतरल्यावर सरळ उभा राहू शकतो.

हवा किती? टायरच्या कडेला लिहिलेली असते ती कमाल मर्यादा, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. आधी वजन मोजा. घरातला वजनकाटा एका चाकाखाली ठेवा, दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, आणि भिंतीला हात टेकून बसा. माझं आणि सायकलचं मिळून ८४ किलो, त्यात पुढे ३८, मागे ४६. त्यावर मी पुढे ५५ पीएसआय आणि मागे ४५ ठेवतो. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. हवा फार कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली तर काट्याला दोष देऊ नका, हवा वाढवा.

पंक्चर आणि वॉल

आमच्याकडे पंक्चर करणारे मुख्य दोन. बाभळीचा काटा, आणि ट्रकच्या फुटक्या टायरमधून निघालेले तारेचे बारीक तुकडे. तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे अडकेल तिथे ती असते. पंक्चर पट्टा असलेला टायर महाग पडतो, त्या पैशात इथले साधे पाच-सहा येतील. पण पुढच्या चाकासाठी मी ते पैसे घालतो. लहान चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ६५५ वेळा फिरतं, मागचं सुमारे ४९० वेळा. म्हणजे रस्त्यातली प्रत्येक वाईट गोष्ट त्याच्या वाट्याला जास्त वेळा येते आणि झीजही लवकर होते.

आणि वॉल विसरू नका. माझ्या रिमला बारीक परदेशी वॉलचं भोक होतं. झिराडजवळ पंक्चर झालो, रबरी पट्ट्याने काम भागलं नाही, दुकानात वीसची ट्यूब मिळाली, पण तिचा मोटारसायकलसारखा जाड वॉल भोकातून जाईना. ट्यूब हातात आणि सायकल ढकलत घरी! आता एक बारीक वॉलची ट्यूब सीटच्या मागच्या पिशवीत कायम असते. आणि टायर रिमवरून काढायचा सराव घरी, पंख्याखाली करा. लहान चाकाचा जाड टायर फार चिवट असतो. पहिल्यांदा माझे अंगठे सोलले होते.

तर थोडक्यात क्रम असा. आधी दुसरा आकडा जुळवा. मग चिमट्यात आणि टाचेला जागा असेल तेवढा रुंद घ्या. मग पंक्चर पट्टा, निदान पुढे. मग वजनाप्रमाणे हवा. वेग सगळ्यात शेवटी, आणि तोही तुमचा रस्ता परवानगी देत असेल तर.

सायकल विकली नाही. १९३० साली सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला ते हेच किहीम, आणि पाठ टेकून चालवताना पावसाळ्यात झाडांना लटकलेली ती घरटी मान न वळवता दिसतात. अर्थात, रस्ता कोरडा असेल तेव्हाच वर बघतो.

आज घरी गेलात की तुमच्या सायकलच्या टायरची कड फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि ते दोन आकडे वाचा. सायकल आडवी असो की उभी. मग मला मेसेज करून सांगा कुठले निघाले. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!