पन्नास फुटी बाई

(अभ्यासगटात तीन जुने अमेरिकन चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



राक्षसांच्या चित्रपटांवर अभ्यासगट घ्यायचा म्हटल्यावर काहीजणींनी नाक मुरडलं होतं. पोटगीच्या केसेस पडल्यात, वस्तीतलं शिबिर तोंडावर आलंय, आणि हे काय नवीन? मी एवढंच म्हटलं की आधी बघा, मग भांडा. बघताना आपण हसून हसून बेजार झालो. त्या रबरी हाताला तर टाळ्या पडल्या. तेव्हा हसण्यापासूनच सुरुवात करते.

हे चित्रपट १९५०च्या दशकातले, अगदी स्वस्तातले. अमेरिकेत तेव्हा मोटारीत बसून सिनेमा बघायची उघडी मैदानं होती. तिथे तरुण मुलंमुली गर्दी करायची. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायचे, म्हणून भराभर माल लागायचा. आठ-दहा दिवसांत चित्रीकरण उरकायचं. काही कंपन्या तर आधी नाव आणि पोस्टर ठरवायच्या, पटकथा मागाहून. त्यामुळे पोस्टरवर जे दिसतं ते चित्रपटात असेलच असं नाही. ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ या १९५८च्या चित्रपटाचं पोस्टर मी भिंतीवर लावलंय. महामार्गावर दोन पाय रोवून उभी असलेली प्रचंड बाई, हातात मोटार. हा प्रसंग चित्रपटात नाहीच! महामार्ग परवडला नसावा.

बाई मोठी दाखवायची म्हणजे एका चित्रावर दुसरं चित्र छापायचं. ते नीट जमलं नाही, म्हणून नॅन्सी चालते तेव्हा तिच्या अंगातून मागचा रस्ता दिसतो. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत पन्नास फुटांची बाई मावते कशी, हे कुणी सांगत नाही. फक्त एक हात दाखवतात, तोही लाकडासारखा ताठ. दिग्दर्शक नेथन जुरान हा काही नवशिका नव्हता. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालेला माणूस. पण इथे त्याने स्वतःचं आडनावसुद्धा बदलून लावलं!

आता हसणं जरा बाजूला ठेवू आणि गोष्ट बघू.

नॅन्सी आर्चर श्रीमंत आहे. पैसा तिचा, घर तिचं. नवरा हॅरी तिच्या पैशावर जगतो आणि गावातल्या दारूच्या गुत्त्यात हनी नावाच्या मुलीबरोबर बसतो. नॅन्सी पिते, ती आधी मनोरुग्णांच्या संस्थेत राहून आलेली आहे. एका रात्री तिला रस्त्यात आकाशातून आलेला गोळा आणि त्यातला प्रचंड पुरुष दिसतो. ती गावात येऊन सांगते. कुणी विश्वास ठेवत नाही. पोलीस तिची समजूत काढतात, टीव्हीवरचा बातमीदार तिची टर उडवतो. हॅरीला तर हे हवंच आहे. बायको पुन्हा संस्थेत गेली की मालमत्ता त्याच्या हातात. डॉक्टर काय म्हणतात ते आठवतंय ना? ठराविक वयात बाईचं वैफल्य वाढतं आणि तिचा तोल जातो, हा निसर्गच आहे, असं. तिने काय पाहिलं हे कुणी तपासत नाही. ती कोण आहे हे मात्र सगळ्यांनी आधीच ठरवलेलं आहे.

इथे हॉलमध्ये हसणं थांबलं होतं. आपल्यापैकी ज्या सल्लाकेंद्रात बसतात त्यांना हे कागद पाठ आहेत. बाई नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधांबद्दल बोलायला लागली की हळूच एक चिठ्ठी येते, ‘हिला भ्रम होतात’. मग घटस्फोटाच्या अर्जात मनोविकाराचं कलम लागतं. आपल्या देशात २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आता स्पष्ट सांगतो की समाजाच्या रूढी, नीतिकल्पना न पाळणं हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरूनच काय ते समजा. पण नॅन्सीकडे परत येते, नाहीतर भाषण दुसरीकडेच जाईल.

तिने पाहिलेलं खरं निघतं. त्या परग्रहावरच्या माणसाच्या स्पर्शाने ती वाढत जाते. डॉक्टर काय करतात? साखळदंड मागवतात आणि हत्तीला टोचायची सुई. याच्या आदल्या वर्षी, १९५७ साली, ‘द अमेझिंग कोलोसल मॅन’ नावाचा चित्रपट आला होता. त्यात अणुस्फोटात सापडलेला लष्करी अधिकारी वाढत जातो. त्याच्यासाठी शास्त्रज्ञ रात्रंदिवस उपाय शोधतात आणि तो स्वतः मोठमोठे प्रश्न विचारतो की मी असं काय पाप केलं होतं. नॅन्सीला प्रश्न विचारायला वेळ देत नाहीत. ती पन्नास फूट झाली तरी तोंडात एकच शब्द, ‘हॅरी’. अंगावर चादरी गुंडाळलेल्या, त्याही पुरुषांच्या नजरेला बऱ्या वाटतील अशा बेताने. छप्पर फोडून ती गावात येते, आणि आधी मरते ती हनी. गुत्त्याचं छत तिच्या अंगावर पडतं. मग नॅन्सी नवऱ्याला मुठीत उचलते. पोलीस तिच्याजवळचा विजेचा ट्रान्सफॉर्मर गोळ्या घालून उडवतो. दोघंही मरतात. शेवटचं वाक्य डॉक्टरचं असतं, आता हॅरी एकदाचा फक्त तिचा झाला, या अर्थाचं.

माझ्या मते चित्रपटाचं खरं अपयश इथे आहे. रबरी हात मी केव्हाही माफ करीन. चित्रपटाने एक तास हिशोब बरोबर मांडला आणि शेवटी बाईचा राग दुसऱ्या बाईवर नेऊन फोडला, वर विनोद केला. कुणी म्हणेल की निर्मात्यांना कुठे काही म्हणायचं होतं! नव्हतंच. पण मला वाटतं, खूप पैसा लावला असता तर दहा माणसांनी ती पटकथा वाचून नवऱ्याला सज्जन केलं असतं. घाईत केलेल्या स्वस्त कामात घरातलं खरं तसंच राहून गेलं. बेटी फ्रीडनचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ १९६३चं, म्हणजे यानंतर पाच वर्षांनी आलं. म्हणून काही याला स्त्रीवादी चित्रपट म्हणून मिरवू नका. मधल्या काळात तसं मिरवणंही झालंय.

रॉजर कॉर्मनचा ‘द वॉस्प वुमन’ (१९५९) मला जास्त करुण वाटला. जॅनिस स्टार्लिन ही सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण. वर्षानुवर्षं जाहिरातीत तिचाच चेहरा. वय दिसू लागलं, चेहरा काढला, विक्री पडली. भर बैठकीत तिच्याच हाताखालचा पुरुष तिला हे कारण ऐकवतो. मग ती गांधिलमाशीच्या राणीपासून काढलेलं औषध टोचून घेते, घाईने जास्त टोचते, आणि रात्री तिचं डोकं गांधिलमाशीचं होतं. मुखवटा इतका भिकार की कॅमेरा त्याच्यावर थांबायला घाबरतो. पण गंमत बघा, ‘म्हातारी’ दिसणारी सुझन कॅबट तेव्हा जेमतेम तिशीतली होती. चष्मा लावला, केस ओढून बांधले, झाली म्हातारी. त्वचा उजळायची मलमं विकणाऱ्या जाहिराती आपण रोज बघतो, तेव्हा या माशीला फार हसायला नको.

तिसरा चित्रपट ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (१९५४) मोठ्या स्टुडिओचा, म्हणून थोडा बरा शिवलेला. पडद्यावर त्यातली बाई किंचाळते आणि उचलून नेली जाते, त्यावर बोलण्यासारखं फार नाही. पण तो पाण्यातला प्राणी, ज्याचे कल्ले आणि खवले अजून जगभर ओळखले जातात, त्याचं रूप रेखाटलं मिलिसेंट पॅट्रिक या बाईने. स्टुडिओने तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं. दौऱ्याचं नाव आधी होतं ‘प्राणी घडवणारी सुंदरी’, या अर्थाचं. रंगभूषा विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर याला ते खपलं नाही. नाव बदलून ‘प्राण्याबरोबर राहणारी सुंदरी’ झालं. श्रेयनामावलीत रंगभूषेसाठी नाव त्याचंच लागलं. दौऱ्यावरून ती परतली तेव्हा त्या स्टुडिओत तिला काम उरलं नव्हतं. मॅलरी ओमेरा या लेखिकेने २०१९ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे पुष्कळांना तिचं नाव कळलं.

मला चर्चेसाठी एकच गोष्ट पुढे ठेवायची आहे. नॅन्सीचा चित्रपट वस्तीतल्या शिबिरात दाखवावा का? माझं मत, दाखवावा, पण पोलीस गोळ्या घालतो तिथे थांबवून बायकांना विचारावं की हॅरीला मुठीत धरल्यावर पुढे काय करायचं. हनीला आधी खाली उतरवायचं असेल तर तेही सांगा. मागे बसलेल्यांनी आधी बोला, पुढच्या नेहमीच बोलतात.